पावडरीचे माप

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थापकांच्या आठवणी येतील, गुणवंतांच्या याद्या येतील, सहलींची आणि शिबिरांची वर्णने येतील. मुलींच्या वसतिगृहाच्या मागल्या अंगाला, विहिरीशेजारी, जी पत्र्याची शेड आहे तिच्याविषयी कोणी लिहील असे वाटत नाही. म्हणून ते काम आम्ही तिघींनी पत्करले आहे. आम्ही १९९४ च्या दहावीच्या तुकडीतल्या. आमच्यापैकी एक कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविते, एक ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे आणि एक शिवणकामाचा वर्ग चालविते. गेली काही वर्षे वसतिगृह समितीच्या सभासद या नात्याने आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शाळेत येतो. कपडे धुण्याच्या यंत्रात पावडर किती घालावी, एवढाच या लेखाचा विषय आहे. तो क्षुल्लक वाटणे स्वाभाविक आहे. परंतु मुलींची कातडी, विहिरीचे पाणी आणि एका वृद्ध स्त्रीचा मान, अशा तीन गोष्टी त्यात गुंतल्या होत्या.

आमच्या काळी असा प्रश्नच नव्हता. महिन्याच्या पहिल्या तारखेला अधीक्षिकाबाई प्रत्येकीला धुण्याच्या साबणाची एक वडी देत आणि वहीत सही घेत. वडी दोऱ्याने कापून तिचे चार तुकडे करावयाचे आणि एका आठवड्याला एक तुकडा पुरवावयाचा, असा दंडक होता. तुकडा ओला राहिला तर विरघळून जाई, म्हणून तो नारळाच्या करवंटीत घालून उन्हात ठेवण्याची पद्धत होती. उरलेल्या चिपट्या दाबून त्यांचा गोळा केला जाई आणि त्या गोळ्याची मालकी कोणाची यावरून भांडणे होत. पाणी विहिरीतून शेंदावे लागे. साबण अधिक लावला तर तो काढावयास दोन बादल्या अधिक, हा हिशेब कोणी शिकविला नव्हता. खांदे दुखू लागले की साबणाचा हात आपोआप आखडे. माप मनगटातच होते. आता पाणी नळीतून येते, काचेचे दार बंद होते आणि आत काय चालले आहे याची मनगटाला वार्ताही लागत नाही.

दोन यंत्रे आली ती माजी विद्यार्थ्यांच्या देणगीतून, २०२१ साली, शाळा पुन्हा भरू लागल्यावर. दोन्ही पुढून दार असलेली, प्रत्येकी आठ किलो कपड्यांची. त्या वेळी समितीत एक वाद झाला होता, तो येथे नोंदविला पाहिजे. आपले कपडे आपण धुवावेत, कोणाचे काम कोणावर लादू नये, हा या वसतिगृहाचा पहिल्या दिवसापासूनचा नियम. यंत्रामुळे तो मोडतो की काय, असे जुन्या मंडळींना वाटले. अखेर असे ठरले की गणवेश, चादरी, उशांचे अभ्रे आणि टॉवेल यंत्रात जातील. आतले कपडे ज्याचे त्याने हातानेच धुवावेत. आणि यंत्रावरची पाळी आठवी ते दहावीच्या मुलींनी आळीपाळीने करावी. देखरेखीला मावशी. मावशी म्हणजे आपल्या सर्वांच्या मावशी. आमच्या वेळी त्या भाकरी थापत, आता गुडघ्यांमुळे चुलीपाशी बसवत नाही. १२० मुलींचे धुणे दिवसाला सहा खेपांत निघू लागले, अभ्यासाला रविवार मोकळा झाला आणि सर्वांनी समाधान मानले.

त्यानंतर दीड-दोन वर्षांत तक्रारी सुरू झाल्या. एकेक तक्रार वेगळी होती, म्हणून त्यांचा परस्परांशी संबंध कोणाच्या ध्यानात आला नाही. मुलींना कमरेच्या नाडीपाशी आणि गळपट्टीखाली खाज सुटे, लाल चट्टे उठत. पांढरे शर्ट वाळले की पापडासारखे ताठ होत आणि घाम आला की त्यांना आंबूस वास येई. यंत्र एका खेपेला सव्वा तासाऐवजी दोन तास घेऊ लागले. दुरुस्तीला आलेल्या कारागिराने मागचा पंप साफ केला, रबराच्या कडेतली काळी बुरशी दाखविली, पैसे घेतले आणि तो गेला. महिन्याभरात तीच अवस्था. एप्रिलात विहीर आटली, टँकर सुरू झाला, तेव्हा धुण्याला पाणी फार जाते हा मुद्दा निघाला. समितीच्या बैठकीत एका सभासदाने मत मांडले की मावशींचे वय झाले, त्यांना यंत्र झेपत नाही, तेव्हा धुण्याचे काम बाहेरच्या ठेकेदाराला द्यावे. मावशी दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ट्रे ठेवला आणि त्या आत गेल्या.

पावडर किती घातली जाते, हे त्या बैठकीत कोणी विचारले नाही. आम्ही शेडमध्ये जाऊन पाहिले. आमटीची स्टीलची वाटी, शीग लावून, दोन वेळा. हे माप मावशींचे नव्हते. यंत्र बसविणाऱ्याने पहिल्या दिवशी हाताला लागेल त्या वाटीने घालून दाखविले होते आणि तेच रूढ झाले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलले तेव्हा त्या दोन वाट्या २३० ग्रॅम भरल्या. पावडरीच्या पिशवीवर भरलेल्या ड्रमसाठी जे प्रमाण छापले होते ते ९० ग्रॅमच्या आसपास होते. पिशवीवरचे बारीक अक्षर वाचावयाचे कोणी? आणि पावडरीला तोटा नव्हता. १४ एप्रिलला, बुद्धपौर्णिमेला, वर्षावासाच्या समाप्तीला, कोणी ना कोणी पालक किंवा माजी विद्यार्थी पावडरीची गोणी आणून देतच असे. कोठीत गोण्यांची थप्पी असली की वाटीला शीग लागतेच.

मावशींना विचारले तेव्हा त्यांनी एका वाक्यात निदान केले: "पोरींनो, फेस लई येतो, पण कपडा पिळला की हाताला बुळबुळीत लागतो." त्यांचे हात अजून शाबूत होते. मात्र त्यांचे हे म्हणणे वर्षभरात कोणी ऐकून घेतले नव्हते.

त्याच दुपारी एक साधा प्रयोग केला. धुऊन, वाळवून, घडी करून कपाटात ठेवलेल्या बारा चादरी काढल्या आणि पावडरीचा कणही न घालता नुसत्या पाण्यावर यंत्र लावले. दहा मिनिटांत काचेचे दार पांढरेशुभ्र झाले. स्वच्छ म्हणून ठेवलेल्या कपड्यांतून इतका फेस निघाला की पाळीवरच्या मुली आधी हसल्या आणि मग गप्प झाल्या. त्या चादरींवर त्या रोज झोपत होत्या. काच स्वच्छ दिसेपर्यंत नुसत्या पाण्याच्या तीन खेपा कराव्या लागल्या. हा प्रयोग कोणालाही घरी करता येतो. त्याला प्रयोगशाळा लागत नाही.

असे का होते, हे थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. धुण्याच्या पावडरीत मळ काढणारे जे द्रव्य असते त्याच्या प्रत्येक रेणूला दोन टोके असतात. एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. अंगातून सुटलेला तेलकटपणा, तेलाचे डाग, त्यांना चिकटलेली धूळ यांच्याभोवती हे रेणू जमतात, तेलाकडची टोके आत खुपसतात आणि मळाचा कण उचलून पाण्यात तरंगत ठेवतात. रेणूंच्या अशा गोलाकार जमावाला मिसेल म्हणतात. मळ उचलावयास जेवढे रेणू हवेत तेवढे झाले की त्यापुढे घातलेल्या पावडरीला काम उरत नाही. ती रिकामटेकडी राहते, आणि कापडाच्या विणीत जाऊन बसते. वाळल्यावर तिच्यामुळे कापड ताठ होते. घाम आला की ती पुन्हा ओली होते आणि तिच्यातला सोडा कातडीला झोंबतो. शिवाय ती नवा मळ धरून ठेवते, म्हणून वास येतो. अधिक पावडर घातलेला कपडा अधिक लवकर मळतो, हे ऐकावयास विचित्र वाटते, परंतु तसे घडते.

फेसाचे तर सांगावयासच नको. फेस हा धुण्याच्या क्रियेत उडणारा दंगा आहे. तो मळ काढीत नाही. पुढून दार असलेल्या यंत्रात तर तो अडथळाच करतो. हे यंत्र कमी पाण्यावर चालते. भरलेल्या खेपेला साधारण ५० ते ६० लिटर पाणी त्याला पुरते. कपडे ड्रमबरोबर वर जातात आणि खाली आपटतात. आपण दगडावर आपटत होतो, त्याचीच ही सुधारलेली रीत. ड्रम फेसाने भरला की कपडे त्या गादीवर अलगद पडतात, आपटले जातच नाहीत. यंत्राला फेस जास्त झाल्याचे कळले तर ते थांबते, फेस बसण्याची वाट पाहते, पुन्हा पाणी घेते, पुन्हा खळबळते. दोन तासांचे रहस्य ते हेच. एका जादा खळबळण्याला १५ लिटर धरले, तरी दिवसाच्या सहा खेपांत ९० लिटर पाणी केवळ फेस मारण्यात जात होते. टँकरच्या पाण्यासाठी मुली घागरी मोजत होत्या, त्या महिन्यातही.

तरीही फेसावरची श्रद्धा सहज जात नाही. पाळीवरच्या एका आठवीतल्या मुलीने आम्हांला विचारले, "ताई, फेसच नाही आला तर धुतलं असं कसं म्हणायचं?" या प्रश्नावर हसण्याचे कारण नाही. आपल्या पाठ्यपुस्तकातले शब्दही फेसाचीच साक्ष काढतात: ज्या पाण्यात साबणाला फेस येतो ते सुफेन, ज्यात येत नाही ते दुष्फेन. १९५९ मध्ये सर्फ भारतात आले, १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेलांनी निरमा विकावयास सुरुवात केली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत वडीची जागा पावडरीने घेतली. त्या साऱ्या जाहिरातींत फेस आणि शुभ्रता यांचीच जोडी होती. तसे पाहिले तर शुभ्रतेतही एक मेख असते. पुष्कळ पावडरींत असे एक द्रव्य घातलेले असते की ते उन्हातले डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश परत टाकते, आणि कापडाचा पिवळेपणा झाकला जातो. आमच्या आया शेवटच्या बादलीत नीळ टाकीत, तीही पिवळेपणा झाकण्यासाठीच. फरक इतकाच की आई नीळ टाके ती कपडा खळबळून निवळ झाल्यावर.

येथे आपल्या समाजापुरते एक सांगितले पाहिजे, कारण ते बाहेरच्याला कळणार नाही. आपल्या घरांत साबणाचा हात सढळ असतो, तो उधळेपणाने नव्हे. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्याला हात लावू दिला जात नव्हता, त्यांनाच अस्वच्छ म्हणून हिणविले गेले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा प्रश्न तहानेपुरता नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे लाखो लोक जमले त्यांत पांढरी वस्त्रे नेसून आलेल्यांची गर्दी होती. त्यांतल्या कित्येकींनी ती वस्त्रे आदल्या रात्री धुऊन वाळविली असतील. आमच्या आजीच्या पिढीला शाळेत मागे बसविले गेले, आईच्या पिढीला कपड्यांवरून बोलणी खावी लागली. अशा घरातली बाई मुलीला वसतिगृहात सोडताना पावडरीची मोठी पिशवी देते आणि "कपडे स्वच्छ ठेव गं" असे बजावते, तेव्हा त्या पिशवीचे वजन ग्रॅमांत मोजता येत नाही. म्हणून माप कमी करा असे नुसते सांगून भागणार नव्हते. कमी पावडर म्हणजे कमी स्वच्छता नव्हे, हे डोळ्यांना दिसावयास हवे होते.

किती कमी, हे पाण्यावर अवलंबून असते. आपल्याकडे बोअर लागते ती काळ्या बेसाल्टच्या कातळात, आणि त्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरलेले असतात. वडीच्या साबणाचा आणि या क्षारांचा संयोग झाला की दही नासल्यासारखा साका तयार होतो. जुन्या मुलींना बादलीच्या कडेचा तो राखाडी थर आठवत असेल. पावडरीचा असा साका होत नाही, परंतु तिचाही काही भाग क्षारांशी झगडण्यात खर्च होतो. म्हणून जड पाण्याला पावडर थोडी अधिक लागते, हलक्या पाण्याला कमी. अकरावी-बारावी विज्ञानाच्या मुलींनी आपल्या प्रयोगशाळेत ईडीटीएचे अनुमापन करून पाण्याचा जडपणा काढला. एरिओक्रोम ब्लॅक टी घातलेले पाणी मद्यासारख्या लाल रंगावरून निळे होते, तो क्षण पाहावयाला मावशीही प्रयोगशाळेत आल्या होत्या. बोअरचे पाणी लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या जवळपास निघाले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंत चालावे आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत, तेव्हा आपले पाणी मधल्या पट्ट्यातले. पावसाळ्यानंतर विहिरीचे पाणी त्याच्या निम्म्याने हलके भरले. प्रयोगवहीत दरवर्षी ठरावीक आकडे उतरविणाऱ्या मुलींना त्या दिवशी आपल्या अंगावरच्या कपड्यांसाठी अनुमापन करावयास मिळाले, हे आमच्या रसायनशास्त्राच्या बाईंना फार मोलाचे वाटते.

मग महिनाभर मापे बदलून पाहिली. ज्यांना वाटते की कमीत कमी तेच उत्तम, त्यांच्यासाठी हा भाग मुद्दाम लिहीत आहोत. ३० ग्रॅमवर धुतलेले पांढरे शर्ट चार-पाच धुण्यांत राखट दिसू लागले. पुरेशी पावडर नसली की सुटलेला मळ पाण्यात तरंगत राहत नाही, पुन्हा कापडावर, आणि तोही साऱ्या कापडावर सारखा, बसतो. गळपट्टीचा तेलकटपणा तसाच राहतो. त्याच सुमारास जिल्ह्याच्या वक्तृत्व स्पर्धेला मुली जाणार होत्या. त्यांचे शर्ट मावशींनी हाताने पुन्हा धुतले आणि "असल्या काटकसरीला काय जाळायचंय" असे सुनावले. मावशींचे बरोबर होते. मध्यम मार्गाची आठवण वाचकांना येथे झाल्यावाचून राहणार नाही. आम्ही ती करून देत नाही.

अखेर पुढील मापे स्थिरावली. भरलेल्या खेपेला बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यावर ८० ग्रॅम. पावसाळ्यापासून संक्रांतीपर्यंत विहिरीच्या पाण्यावर ५५ ग्रॅम. खेळाच्या तासाचे मोजे आणि मातीत लोळलेले कपडे असतील तर वर २० ग्रॅम. ड्रम अर्धाच भरला असेल तर माप सरळ निम्मे न करता थोडे अधिक ठेवावे, कारण पाणी त्या प्रमाणात निम्मे होत नाही. पावडर फ्रंट लोडसाठीचीच, कमी फेसाची, घ्यावी. बादलीत भिजविण्याची पावडर यंत्रात घातली तर ५५ ग्रॅमही फार होतात. ड्रम दाबून भरू नये. कपड्यांवर एक वीत जागा मोकळी राहिली पाहिजे, नाही तर आपटण्याला वावच राहत नाही. महिन्यातून एकदा रिकामे यंत्र साठ अंशांच्या पाण्यावर चालवावे आणि धुणे झाल्यावर दार उघडे ठेवावे. रबरातली बुरशी त्यानेच गेली.

डागांचा विचार पावडरीच्या मापात आणू नये, हेही मुलींना शिकवावे लागले. एक डाग दिसला की अख्ख्या ड्रमला मूठभर जादा, ही सवय सर्वत्र आहे. डागाला वेळ लागतो. ज्या पावडरींत विकरे असतात त्यांतली विकरे रक्त, घाम, आमटी यांतली प्रथिने आणि पिष्ट तोडतात, परंतु त्यांना अर्धा-पाऊण तास भिजत ठेवावे लागते. पाळीच्या डागांना आधी थंड पाणी लावावे. गरम पाण्याने रक्तातले प्रथिन शिजते आणि धाग्याला धरून बसते. आमच्या वेळी हे कोणी मोठ्याने सांगत नसे. आता शेडमधल्या फळ्यावर ते मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, आणि नववीच्या मुलींनीच लिहिले आहे.

खाजेविषयी मात्र सावधपणे लिहिले पाहिजे. आमच्या परिचारिका मैत्रिणीने १७ मुलींची नोंद ठेवली होती. माप बदलल्यावर आणि कपडे पुरते खळबळले जाऊ लागल्यावर सहा आठवड्यांत त्यांतल्या ११ जणींचे चट्टे गेले. उरलेल्या सहांपैकी चौघींना नायटा होता आणि दोघींना खरूज. त्यांचा पावडरीशी काही संबंध नव्हता. खरजेला औषधच लागते, आणि ते एकाच खोलीतल्या सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते. त्यांची पांघरुणे साठ अंशांच्या पाण्यात धुतली. जे कपडे तसे धुता येत नव्हते ते पिशवीत घट्ट बांधून चार दिवस बाजूला ठेवले, कारण माणसाच्या अंगापासून दूर खरजेचा किडा दोन-तीन दिवसांपलीकडे जगत नाही. खाज सुटली की पावडर बदलून पाहणे आणि दवाखाना टाळणे, हे पालकांनी कृपा करून करू नये.

धुण्याचे पाणी जाते ते शेडमागच्या केळींना. त्या केळींची पाने कडेने करपत होती आणि वाफ्यातली काळी माती वाळल्यावर पांढरट पोपडी धरीत होती. पावडरीतल्या सोड्याचे सोडियम काळ्या मातीत साठले की तिचे कण सुटे होऊन मिटतात, वाळल्यावर माती सिमेंटसारखी होते आणि पाणी आत मुरत नाही. माप उतरल्यावर आणि पहिले फेसाचे पाणी बाजूच्या शोषखड्ड्यात सोडून केवळ खळबळलेले पाणी केळींना देऊ लागल्यावर, पुढच्या पावसाळ्यानंतर नवे कोंब निरोगी आले. यात पावसाचा वाटा मोठा आहे, हे शेतकरी पालकांनी आम्हांला ऐकविले आहेच.

गेल्या वर्षीच्या पालकसभेत हा विषय मांडला तेव्हा तो सहज पटला नाही. एक आई उठून म्हणाल्या की तुम्ही शिकलेल्या बाया, तुम्हांला पैसे वाचवायचे आहेत, आमच्या पोरी काय कळकट राहायच्या का? आम्ही उत्तर दिले नाही. मावशींनी त्यांच्याकडून त्यांच्याच मुलीचा घरून धुऊन आणलेला टॉवेल मागून घेतला, बादलीभर स्वच्छ पाण्यात तो दोनदा दाबला आणि बादली त्यांच्यापुढे सरकविली. पाण्यावर साबणाचा फेस होता. दुसऱ्या बादलीत शेडमधला टॉवेल दाबला. पाणी जवळजवळ तसेच राहिले. त्या आईंनी दोन्ही बादल्यांत हात घालून पाहिला, मग शेडमधला टॉवेल नाकाशी धरला. त्यांनी मान हलविली नाही की काही बोललेही नाहीत, परंतु जाताना माप कोणत्या वाटीचे ते त्यांनी मावशींना विचारले. मावशींनी त्यांना वाटी दाखविली नाही. दह्याच्या प्लॅस्टिकच्या डब्यावर खिळ्याने दोन रेघा ओढून तो आम्ही माप म्हणून ठेवला आहे, खालची रेघ विहिरीच्या पाण्याची, वरची बोअरची, तो दाखविला. तसे सात-आठ डबे मुलींनी पुढच्या सुट्टीत घरी नेले.

ठेकेदाराचा विषय त्यानंतर समितीपुढे आला नाही. मावशी अजून शेडमध्ये बसतात. यंत्राचा खण उघडून पावडर घालण्याचा अधिकार पाळीवरच्या मुलीचा, परंतु घालण्यापूर्वी डबा मावशींच्या डोळ्यांपुढे धरावा लागतो. धुऊन निघालेला पहिला कपडा त्या स्वतः पिळून पाहतात. बुळबुळीत लागला तर सारी खेप पुन्हा नुसत्या पाण्यावर. अलीकडे असे क्वचितच होते.

महिन्याला ४० किलोंच्या वर जाणारी पावडर आता १५ किलोंच्या आत भागते. हे लिहीत असताना कोठीत दोन गोण्या, म्हणजे ५० किलो, शिल्लक आहेत आणि त्या तीन महिने सहज पुरतील. तेव्हा महोत्सवाला येणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी यंदा पावडर आणू नये, अशी विनंती आहे. कपडे वाळत घालण्याच्या तारा मात्र गंजल्या आहेत, त्यांचे तांबूस डाग पांढऱ्या शर्टांवर उठतात आणि ते कोणत्याही मापाने जात नाहीत. प्लॅस्टिकचे वेष्टन असलेली तार साधारण दीडशे मीटर लागेल; खांब मजबूत आहेत.